मिशीवाल्या पाहुण्याचे कूळ

मासे पाळणाऱ्या माणसाविषयी मोताळ्यात दोन तर्क केले जातात. एक, त्याच्याकडे पैसा जास्त झाला असावा. नाहीतर त्याला मासे शिजवता येत नसावेत. मी मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे पहिला तर्क कोणी फार काळ धरून ठेवीत नाही. दुसऱ्याचे उत्तर आमच्या सौभाग्यवतीकडे आहे, आणि ते दर रविवारी दुपारी वासावरून शेजारपाजारी पोहोचते. तरीसुद्धा आमच्या ओसरीत तीन फूट लांबीची काचेची टाकी आहे, तीत सव्वाशे लिटर पाणी आहे, आणि त्या पाण्यातल्या प्राण्यांना फोडणीपासून अभय आहे.

रंगीत माशांचे मला विशेष कौतुक नाही. वरातीतल्या मंडळींसारखे ते सारखे नटून इकडून तिकडे फिरतात. पाच मिनिटांत पाहणाऱ्याचे मन भरते. माझा जीव रमतो तो मिशीवाल्या माशांत. दिवसा ते दगडाच्या कपारीत किंवा फुटक्या मडक्यात तोंड लपवून पडलेले असतात. रात्री अकराच्या सुमारास मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडून बसलो आणि ओसरीतला दिवा मालवला, की स्वारी बाहेर पडते. पुढे मिशा आणि मागे मासा! या मिशांवर चव ओळखणाऱ्या कळ्या असतात. आपण जिभेने जे करतो ते हा प्राणी मिशांनी करतो. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग तरी काय? तळाची वाळू तो असा चाचपत जातो, की एखादा चोखंदळ गिऱ्हाईक कापडाचा पोत पाहत आहे असे वाटावे.

ज्यांना हा नाद लावून घ्यायचा असेल त्यांच्यासाठी दोनच गोष्टी सांगतो. या माशांच्या अंगावर खवले नसतात. त्यामुळे इतर माशांना चालणारे मीठ-औषध यांना बेताबेतानेच द्यावे लागते, आणि नळाचे पाणी दिवसभर उघडे ठेवून त्यातले क्लोरीन उडून गेल्याशिवाय टाकीत ओतता येत नाही. दुसरे असे, की नवी टाकी भरली आणि त्याच दिवशी मासा सोडला, हा उतावळेपणा करू नये. माशाच्या विष्ठेतून अमोनिया होतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करणारे जीवाणू टाकीत रुजायला महिना-दीड महिना लागतो. माझे पहिले तीन मासे या अज्ञानाला बळी पडले. वैशाखात वीज गेली की पंप बंद पडतो, टाकीवर ओले फडके टाकावे लागते, आणि मग घरातली माणसे विचारतात, “आणि आम्ही?”

पण या माशांची आणि माझी खरी गाठ पडली ती नावांमुळे. १८२४ साली एल्फिन्स्टनने मुंबई इलाख्याची माहिती गोळा करायला कर्नल साइक्स नावाचा एक अधिकारी नेमला. या गृहस्थाने माणसे, पिके, पाऊस यांच्याबरोबर दख्खनच्या नद्यांतले मासेही मोजून टिपले, आणि १८३९ साली त्यांची वर्णने लंडनमध्ये छापली. शास्त्रीय नाव म्हटले की लॅटिन शब्दांचा कडकडाट. साइक्सने मात्र कोळी-भोयांच्या तोंडचे शब्द उचलून लॅटिनच्या पंगतीला बसवले. शिंगटीला त्याने शिंगटीच म्हटले, गुंगवारीला गुंगवारी, घोगऱ्याला गोग्रा. जगाच्या पाठीवरचा कोणताही मत्स्यशास्त्रज्ञ आज ‘मिस्टस शिंगटी’ म्हणतो, तेव्हा त्याच्या नकळत तो मराठी बोलत असतो. ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगतो. परीक्षेत ती कधीच येत नाही, म्हणून मुले ती मन लावून ऐकतात.

याच परंपरेत पुढे डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी १९५२ साली दख्खनमधल्या एका मिशीवाल्या माशाचे वर्णन केले आणि त्याला नाव दिले ‘खवलचोर’. हा लहानसा मासा दुसऱ्या माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून खातो. एवढा नेमका शब्द कोशकाराला शंभर वर्षे बसूनही सुचला नसता! आपल्या टाकीत एक खवलचोर असावा असे मला फार दिवस वाटत होते. पण ज्याचे पोट शेजाऱ्याच्या अंगावरच भरते, त्याला सव्वाशे लिटर पाण्यात शेजारी कोठून पुरवायचे? ती हौस मी मनातच ठेवली.

त्याऐवजी मांगूर आणला, आणि तिथेच फसलो.

आपल्याकडचा मांगूर आता सहजी दिसत नाही. हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या माशांवरील ग्रंथात त्याला ‘मागुर’ हेच देशी नाव दिले होते. पुढे कित्येक वर्षे विद्वानांनी त्याला जावा बेटाकडच्या भाईबंदाच्या नावाने हाक मारली. अलीकडे ती चूक दुरुस्त होऊन त्याला त्याचे नाव परत मिळाले. पण तोवर तो धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत जाऊन बसला होता. कल्ल्यांच्या वर झाडाच्या फांद्यांसारखे एक इंद्रिय असल्यामुळे तो हवेतला श्वास घेतो, चिखलात तग धरतो आणि पावसाळी रात्री एका डबक्यातून दुसऱ्याकडे सरपटत निघतो. अशा माशाचे बोटभर पिल्लू एका मोठ्या गावच्या बाजारात, “अस्सल देशी हाय साहेब, आता मिळत नाही,” अशा शब्दांत माझ्या हाती आले. ‘अस्सल’ आणि ‘आता मिळत नाही’ हे शब्द कानी पडले की मराठीच्या प्राध्यापकाची सारासारबुद्धी काम करीनाशी होते.

धाकट्याने त्याचे नाव बाजीराव ठेवले. बाजीराव पाच महिन्यांत माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत वाढला. टाकीतल्या दोन शिंगट्या एका रात्रीत नाहीशा झाल्या. आम्ही बिचाऱ्या मांजरावर आळ घेतला. टाकीवर फळी आणि फळीवर वरवंटा ठेवावा लागला. तरीही तो धाकट्याच्या हातून गांडूळ घ्यायला अगदी वर येई आणि मिशा त्याच्या बोटांना लावी. पोर त्या वेळी श्वास रोखून उभे राही.

श्रावणात नळगंगेच्या धरणावर मासेमारी करणारे एक म्हातारे भोई बाबा काही कामाने घरी आले. टाकीपाशी थांबले, वाकले, बराच वेळ पाहत राहिले.

“मास्तर, हे कोनं देल्लं तुमाले?”

“का? मांगूर आहे ना?”

“मांगूरच हाय. पन आपला नाई. याचं डोक्शं पाहा ना, मांगं कसं रुंद हाय. आपल्याचं निमुळतं राह्यते. हे थाई मांगूर हाय.”

थाई म्हणतात, पण हा मूळचा आफ्रिकेचा. मीटर-दीड मीटर वाढणारा, सापडेल ते खाणारा, एका वेळी हजारो अंडी घालणारा. केंद्र सरकारने २००० साली त्याच्या संवर्धनावर बंदी घातली. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादालाही पुन्हा लक्ष घालावे लागले, आणि त्यानंतर महाराष्ट्रात त्याची कितीतरी तळी सरकारी देखरेखीखाली नष्ट करण्यात आली. हे सारे मी वाचलेले होते. परक्या शब्दांनी मराठी कशी बाटली यावर व्याख्याने देणाऱ्या माझ्या ओसरीत तो पाच महिने गांडुळे खात होता, आणि मी त्याला अस्सल देशी म्हणून पाहुण्यांना दाखवीत होतो.

घरात सभा भरली. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, धरणात सोडून द्या. मुका जीव आहे, पुण्य लागेल.” शेजारच्या काकूंचेही तेच मत पडले. आपल्याकडे मासा पाण्यात सोडणे हे पुण्यकर्मच आहे. पण हे पुण्य कुणाच्या जिवावर? नळगंगेतून पूर्णेत, पूर्णेतून तापीत. वाट मोकळीच आहे. टाकी साफ करतो म्हणून विकला जाणारा दक्षिण अमेरिकेचा ‘सकर’ मासाही असाच दयाळू हातांनी सुटला आणि पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत ठाण मांडून बसला. तोही मिशीवाल्यांच्याच कुळातला. बाजीराव एकटा, त्याची प्रजा होणार नाही, असा एक युक्तिवाद मी स्वतःशी करून पाहिला. पण माझ्यासारखे पुण्यवान मोताळ्यात एकच असतील, याची हमी कोण देणार?

दोन दिवस मी काहीच केले नाही. तिसऱ्या दिवशी धाकट्याला बसवून सगळे सांगितले. तो म्हणाला, “बाबा, पण त्याला कुठे ठाऊक आहे तो आफ्रिकेचा आहे ते?” याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. अजूनही नाही.

संध्याकाळी भोई बाबा बादली घेऊन आले. “धरनात टाकत नाई, जबान देतो,” म्हणाले, आणि पुढचे काही मी विचारले नाही. वरवंटा मीच उचलला. धाकटा मागच्या अंगणात जाऊन बसला होता. त्या रात्री जेवणाच्या पानावर कोणी फार बोलले नाही. मी सवयीने अकराला दिवा मालवला. टाकीत नुसता पंपाचा आवाज होता.

आठवड्याने बाबांनी बादली स्वच्छ घासून परत आणून दिली. तीत तळाशी पाणी होते आणि पाण्यात बोटाएवढ्या तीन शिंगट्या. “हे आपल्या आहेत,” म्हणाले. पैसे घेईनात, चहा मात्र घेतला. धाकटा दारातूनच पाहत होता. हळूहळू जवळ आला. मी मोठ्या उत्साहाने एक शिंगटी हातात धरून त्याला मिशा दाखवायला गेलो, तर तिने कल्ल्यामागचा काटा माझ्या अंगठ्यात खुपसला. धाकटा पंधरा दिवसांत प्रथमच हसला. अंगठा तीन दिवस सुजला होता, आणि द्वितीय वर्षाच्या उत्तरपत्रिका त्यामुळे उशिरा गेल्या.