फेल्टचा हत्ती आणि माझी शिवण

गेल्या शनिवारी लॅपटॉप मिटला आणि चक्क सुई-दोरा घेऊन बसलो. भाचीसाठी वीतभर हत्ती शिवायचा होता. मेनरोडवरून फेल्ट आणलं. फेल्ट विणलेलं नसतं, तंतू दाबून एकमेकांत गुंतवलेले असतात. त्यामुळे कापल्यावर कडेचे दोरे सुटत नाहीत, कड दुमडायची भानगड नाही. नवशिक्याला झकास! तरी सोंडेत कापूस ठासताना शिवण दोनदा उसवली. आई म्हणाली, "टाके जवळजवळ घाल रे. आणि बटणाचे डोळे नकोत, ती तोंडात घालेल." मग डोळे काळ्या दोऱ्याने भरले.

जर्मनीत मार्गारेटे श्टाइफने १८८० मध्ये असेच फेल्टचे हत्ती शिवले होते, टाचण्या खोचायला. पोरांनी ते खेळायलाच पळवले! पोलिओमुळे तिचा उजवा हात नीट चालत नसे, तरीही.

आमच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला शिवण फक्त मुलींना, आम्ही मैदानावर. तेव्हा मजा वाटायची. आता वाटतं, आम्हाला फसवलं. इंजिनिअर झालो तरी शर्टाचं बटण आईकडेच! धावदोरा आणि काजाचा टाका पाचवीतल्या प्रत्येक मुलाला आलाच पाहिजे, असं माझं ठाम मत झालंय.

हत्ती डावीकडे कलतो. भाची त्याला डुक्कर म्हणते.