धबधबा गोठतो, गर्दी गोठत नाही

मिनियापोलिसच्या विमानतळावरून शहराच्या मध्यवस्तीकडे निघालेली लाइट रेल वाटेत मिनेहाहा पार्कला थांबते. स्थानकातून थोडं चाललं की 53 फुटांचा धबधबा समोर. ना जंगल तुडवायचं, ना डोंगर चढायचा. मिनेसोटातल्या मराठी घरांत आई-वडील येतात ते बहुधा मे ते सप्टेंबरात. त्यांना इथे आणलं की पाणी, झाडी, आइस्क्रीम असा सगळा सरंजाम हजर असतो. जानेवारीतला मिनेहाहा मात्र त्यांच्या वाट्याला सहसा येत नाही. तेव्हा पारा शून्याखाली पंधरा-वीस अंशांपर्यंत घसरतो, ओढ्याचं पाणी कड्यावरून उतरता उतरता थिजतं आणि वरपासून खालपर्यंत बर्फाचा जाड पडदा धरतो.

खाली उतरणारा जिना या दिवसांत बंद असतो. फाटक लावलेलं, शेजारी मनाईचा फलक. आणि फाटकापलीकडे बुटांनी तुडवून घट्ट झालेली पायवाट! कॉलेजची पोरं, कॅमेरेवाले, लहानग्यांना हात देऊन पलीकडे घेणारे आई-बाप, सगळे कठड्यावरून पाय टाकून खाली उतरतात. पडद्यामागच्या पोकळीत शिरायचं आणि बर्फातून झिरपणाऱ्या निळ्या उजेडात फोटो काढायचा, एवढ्यासाठी हा खटाटोप. हे उद्यान सांभाळणाऱ्यांना ठाऊक नाही असं मुळीच नाही.

हिवाळी धबधब्यांबाबतचा खरा प्रश्न या फाटकापाशीच आहे. ज्यावरून सर्रास उड्या पडतात, त्या फाटकाने अपघात टळत नाहीत. अपघात झाल्यावर ‘आम्ही सांगितलं होतं’ म्हणायची सोय तेवढी होते. शहराच्या उंबऱ्यावरचा धबधबा गोठला की लोक येणारच, हे गृहीत धरून त्यांची सोयही केली पाहिजे आणि त्यांच्यावर लक्षही ठेवलं पाहिजे.

लोकांना ओढणारी पोकळी आणि तिथला धोका, दोन्हींचं मूळ एकच आहे. मिनेहाहाच्या कड्याचा वरचा थर टणक चुनखडकाचा, तर खाली ठिसूळ वालुकाश्म. पाण्याच्या माऱ्याने खालचा थर कोरला गेला आणि वरचा छपरासारखा पुढे आला. धबधब्यामागे माणूस उभा राहू शकतो तो यामुळेच. पण त्याच छपराच्या भेगांत मुरलेलं पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि दगड सैल करतं.

बर्फाची गोष्टही वेगळी नाही. धबधबा एका रात्रीत थिजत नाही. उडालेले थेंब आधी कड्याला आणि मग आधीच्या बर्फाला चिकटतात, थरावर थर चढत जातो. आतून पाणी वाहतच असतं. थंडी एकाएकी वाढली की बर्फ आकसून तडकतो, ऊन लागलं की दगडापासून सुटतो. एक घनमीटर बर्फाचं वजन नऊशे किलोंच्या घरात भरतं. म्हणजे फ्रीजएवढा तुकडा निखळला, तर चार-पाच क्विंटलांचा ऐवज डोक्यावर येतो.

मनात आणलं तर हेच शहर काय करू शकतं, याचा एक जुना दाखला आहे. जून 1964 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन मिनेहाहा पाहायला येणार होते आणि नेमका ओढा आटला होता. तेव्हा वरच्या अंगाला आग विझवण्यासाठीचे नळ उघडून ओढ्यात पाणी सोडलं गेलं आणि अध्यक्षांना वाहता धबधबा दाखवण्यात आला. एका पाहुण्यासाठी धबधबा चालू करता येत असेल, तर दर हिवाळ्यात येणाऱ्या सामान्य माणसांसाठी दोन रखवालदार नेमणं जड जाऊ नये.

नायगाराला ही अक्कल माणसं गमावून आली. धबधब्याखाली नदीत बर्फाचे तुकडे अडकतात, एकमेकांना चिकटतात आणि अमेरिका-कॅनडाचे दोन्ही काठ जोडणारा बर्फाचा पूल तयार होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या पुलावर चक्क जत्रा भरायची. बर्फावरच टपऱ्या, तिथे दारू, शोभेच्या वस्तू आणि फोटो काढून देणारे. 4 फेब्रुवारी 1912 रोजी, रविवारी दुपारच्या सुमारास, हा पूल सुटला आणि फुटत वाहू लागला. बहुतेक जण काठावर पोहोचले. टोरंटोचं स्टँटन दांपत्य मागे राहिलं. त्यांच्या मदतीसाठी क्लीव्हलंडचा 17 वर्षांचा बरेल हेकॉक मागे फिरला. तिघेही बुडाले. त्यानंतर पुलावर जायला बंदी आली आणि ती रास्तच होती. नदीवर तरंगणाऱ्या बर्फाच्या पोटात काय चाललंय, हे काठावरून तपासायचं कसं?

पण कॅनडाने तेवढ्यावर हात झटकले नाहीत. टोरंटोहून गाडीने दीड-दोन तासांवरच्या या ठिकाणी आज लिफ्टने सुमारे 38 मीटर खाली उतरून, कड्यात खोदलेल्या बोगद्यांतून हॉर्सशू धबधब्याच्या पाठीमागे जाता येतं. हिवाळ्यातसुद्धा. बर्फ साचू लागला की बाहेरचा खालचा सज्जा बंद होतो, बोगदे मात्र उघडे राहतात. नेमका धोका कुठे आहे हे ओळखून तेवढीच जागा बंद केली, म्हणून बाकीची उघडी ठेवता आली.

क्युबेक शहराजवळच्या माँमोरन्सी धबधब्यावर तर याहून पुढची मजल आहे. उंची 83 मीटर, म्हणजे नायगाराहून जास्त. पायथ्याशी तुषार गोठून बर्फाचा प्रचंड सुळका उभा राहतो. त्याला तिथले लोक साखरेच्या ढेपेवरून ‘पँ द स्युक्र’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात शहरातली मंडळी घोड्यांच्या बर्फगाड्यांतून इथे यायची आणि सुळक्यावरून घसरगुंडी खेळायची. तेव्हाच्या चित्रकारांनी ती दृश्यं रंगवून ठेवली आहेत. आता तिथे प्रशिक्षित मार्गदर्शकांबरोबर, हेल्मेट आणि दोर लावून गोठलेल्या कड्यावर चढाई करता येते. कड्याला लागून असलेला 487 पायऱ्यांचा जिना हिवाळ्यात बंद असतो. ज्याला बर्फाला हात लावायचाच आहे त्याच्यासाठी रीतसर वाट असल्यावर चोरवाटेची ओढ आपोआप कमी होते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की, सोय केली की गर्दी वाढेल आणि उद्या कुणाला इजा झाली तर दावा लागेल तो सोय करणाऱ्यावर. अमेरिकेत तरी ही भीती खोटी नाही. पण गर्दी सोयीची वाट पाहत बसलेली नाही, ती आधीच खाली उतरली आहे. कुणी जायबंदी झालंच, तर त्याला बाहेर काढायला अग्निशमन दलाच्या जवानांना त्याच लटकत्या बर्फाखाली शिरावं लागतं. पैशांचं म्हणाल, तर नायगाराच्या बोगद्यांना तिकीट आहे आणि माँमोरन्सीची चढाईही फुकट नाही. पडद्यामागे उभं राहण्यासाठी लोक खुशीने खिशात हात घालतील.

शिवाय बंदीची पत हाही एक मुद्दा आहेच. पूर्ण हिवाळा बंद असलेलं फाटक लोक हिशेबात धरत नाहीत, कारण ते धोक्याच्या दिवशी बंद असतं तसंच निर्धोक दिवशीही बंद असतं. जे फाटक सकाळी बर्फ तपासून उघडतं आणि ऊन चढलं की मिटतं, ते मिटलेलं दिसल्यावर माणूस थबकतो. तिथे उभ्या असलेल्या रखवालदाराने कारण सांगितलं, तर बहुतेक जण ऐकतातही.

महाराष्ट्राला हे वेगळं सांगायची गरज नाही. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. मग मनाई आदेश निघाले. पुढच्याच वर्षी 15 जूनला मावळात कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसकट इंद्रायणीत कोसळला आणि चौघांचा जीव गेला. तो पूल धोकादायक ठरवलेला होता, तसा फलकही लावलेला होता. नव्हता तो रविवारच्या गर्दीला पुलावर चढण्याआधी अडवणारा माणूस.

आता हीच मराठी गर्दी बर्फाकडेही निघाली आहे. श्रीनगरहून गुलमर्गला जाताना टंगमर्गजवळ द्रंगचा धबधबा लागतो. 21 डिसेंबरपासून 40 दिवसांच्या चिल्लई कलानमध्ये, म्हणजे काश्मिरातल्या कडाक्याच्या थंडीत, तो गोठतो आणि कड्यावरून बर्फाचे भाले लोंबू लागतात. पुण्या-मुंबईहून आलेले पर्यटक गाडीतून उतरतात आणि थेट त्यांच्याखाली जाऊन फोटोसाठी उभे राहतात. ‘जरा अजून मागे सरक’ म्हणणारा फोटोवाला त्यांना आणखी आत ढकलत असतो.

द्रंगवर बंदी घालू नये. कड्यापासून अंतर राखून दोर बांधावा, ऊन चढल्यावर पायथा रिकामा करावा आणि बर्फाची नस ओळखणाऱ्या स्थानिक माणसांना पगारावर त्या दोरापाशी उभं करावं. सहल काढणाऱ्या मराठी कंपन्यांनी कार्यक्रमपत्रिकेत ‘फ्रोझन वॉटरफॉल’ असं ठळक छापताना त्याखाली कुठवर जायचं आणि कुठे थांबायचं हेही छापावं, आणि सोबतच्या टूर मॅनेजरने ते पाळून घ्यावं. डिसेंबरच्या सहलींची नोंदणी दिवाळीआधीच सुरू होते. प्रशासनाने आणि कंपन्यांनी ही तयारी त्याच सुमारास हाती घ्यायला हवी.