किनाऱ्यावरील दिव्यांना नियम कोणाचा?

मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने कोकण किनाऱ्यावरील सोळाशेहून अधिक गावांच्या नियोजनाचे अधिकार सिडकोकडे सोपविण्याचा निर्णय घेतला. रेवस-रेडी सागरी महामार्गालगतच्या विकासकेंद्रांसाठी त्याच सुमारास रस्ते विकास महामंडळाची नेमणूक झाली. या निर्णयांवर कोकणात जी चर्चा झाली ती मुख्यतः जमिनीविषयी आणि ग्रामपंचायतींच्या अधिकारांविषयी झाली, आणि ती रास्तच होती. परंतु समुद्रालगत घरे, विश्रामगृहे आणि रस्ता येणार म्हणजे दिवेही येणार. त्या दिव्यांचे तोंड कोणीकडे असावे, रंग कोणता असावा, वर्षातील कोणत्या महिन्यांत ते मंद करावेत, हे ठरविणार कोण, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

किनारा नियमनाचा आपल्याकडील इतिहास हा अंतराचा इतिहास आहे. १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा मोकळा ठेवण्यास सांगितले. फेब्रुवारी १९९१ मध्ये पर्यावरण संरक्षण कायद्याखाली पहिली अधिसूचना निघाली, २०११ मध्ये दुसरी आणि २०१९ मध्ये तिसरी. या तिसऱ्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात ना-विकास पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. प्रत्येक वेळी वाद झाला तो मीटरांचा. परंतु बांधकाम रेषेच्या पलीकडे राहिले, तरी त्याच्या गच्चीवरील दिवा ओल्या वाळूपर्यंत सहज पोहोचतो. पूर्वी तो काही अंशी अडे, कारण वाळूच्या टेकाडांवर केवड्याची दाट बने होती. समुद्राचे दर्शन मोकळे व्हावे म्हणून तीच आधी तोडली जातात.

याचा परिणाम सर्वांत उघडपणे दिसतो तो ऑलिव्ह रिडले कासवांवर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या कासवाला स्थान आहे, आणि त्याची विणीची ठिकाणे किनारा अधिसूचनेच्या सर्वांत कडक वर्गात मोडतात. मादी रात्री वर येते, वाळूत सुमारे शंभर अंडी घालते व परत जाते. दीड-दोन महिन्यांनी पिले बाहेर पडतात, तीही बहुधा रात्रीच, आणि क्षितिजाचा जो भाग अधिक उजळ तिकडे चालू लागतात. निसर्गतः तो भाग समुद्राचा असतो. विश्रामगृहाच्या आवारात झोतदिवा असला की पिले तिकडे वळतात आणि कुत्री, कावळे किंवा सकाळचे ऊन यांच्या स्वाधीन होतात. वेळास या नाना फडणवीसांच्या मूळ गावी २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि ग्रामस्थांनी अंडी जाळीच्या कुंपणात सुरक्षित ठेवून पिले समुद्रात सोडण्याचे काम उभे केले. मग दिव्यांची चिंता कशाला, असे कोणी विचारील. उत्तर असे की, झगमगत्या किनाऱ्यावर मादी चढण्याचेच टाळते. अंडी राखता येतात, परंतु ती घालण्यासाठी लागणारा काळोख कुंपणात साठविता येत नाही.

यात सरकारी काटकसरीचाही वाटा आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली देशभर रस्त्यांवरील जुने दिवे काढून एलईडी बसविण्यात आले. विजेची बचत झाली, ती नाकारण्याचे कारण नाही. तथापि पांढऱ्या एलईडीत निळा अंश बराच असतो, आणि पिले नेमकी त्याकडे ओढली जातात. जुन्या सोडियम दिव्याच्या पिवळ्या प्रकाशाकडे त्यांचा ओढा कमी असे. तांबूस प्रकाशाचे एलईडीही बाजारात मिळतात. खरेदीच्या अटींत रंगाचा उल्लेख हवा, इतकेच.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात हा विषय स्थानिक नियमांत केव्हाच आला. ब्रेव्हार्ड काउंटीने १९८५ मध्ये किनाऱ्यावरील दिव्यांसाठी नियम केला. १९९३ मध्ये राज्याने नमुना नियमावलीच दिली. दिवा खाली बसवावा, झाकलेला असावा आणि त्याचा प्रकाश तांबूस असावा, हा तिचा सारांश. तेथेही अधिकारांचा घोळ झालाच. व्होलुशिया काउंटीविरुद्ध दोन रहिवाशांनी कासवांच्या नावाने दावा लावला, आणि नियम करण्याची सत्ता काउंटीची असेल तर शहरांतील दिव्यांसाठीही तिला न्यायालयात उभे करता येते, असे १९९८ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने मान्य केले.

आपल्याकडे असा जाब विचारायचा कोणाला? गावातील दिवाबत्ती ग्रामपंचायतीची, वीज महावितरणची, कासव वनखात्याचे, किनारा पर्यावरण खात्याचा आणि बांधकाम परवाना नियोजन प्राधिकरणाचा. परवानगीच्या वेळी उंची, सामासिक अंतर, वाहनतळ हे सारे तपासले जाते. समुद्राकडे पडणाऱ्या उजेडाबद्दल विचारणा होत नाही. ओडिशात आताच्या अब्दुल कलाम बेटावरील क्षेपणास्त्र चाचणीतळाचे दिवे विणीच्या काळात मंद करावेत म्हणून वनखाते विनंती करीत आले आहे. चाचणीतळाला जी विनंती करता येते, ती विश्रामगृहाला करण्यात संकोच वाटावा हे नवल आहे.

येथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यावयास हवा. ज्या वाड्यांवर वीज उशिरा पोहोचली त्यांना आता काळोखात बसा असे सांगणे अन्यायाचे होईल. पहाटे होडी लोटणारा कोळी, संध्याकाळी उशिरा एसटीने परतणारी विद्यार्थिनी यांना उजेड हवाच. पण झाकणीचा दिवा रस्त्यावर उजेड कमी पाडीत नाही. आकाशात आणि समुद्राकडे जाणारा उजेडच तो वाचवितो. शिवाय नियमाचा पहिला भार कोळ्याच्या पडवीवर न पडता विश्रामगृहे, सुट्टीपुरती उघडणारी घरे आणि नवा महामार्ग यांवर पडला पाहिजे.

हे महाराष्ट्रात अशक्य नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले काळोख्या आकाशाचे उद्यान म्हणून मान्यता मिळाली, आणि त्यासाठी परिसरातील गावांतील शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांचा प्रकाश जमिनीकडे वळविण्यात आला. नागपूर जिल्ह्यात ताऱ्यांसाठी जे झाले, ते रत्नागिरीत कासवांसाठी करण्यास नवा कायदा लागत नाही. किनारपट्टीचा विकास आराखडा कोणत्याही प्राधिकरणाने केला, तरी त्याच्या नियंत्रण नियमावलीत समुद्राभिमुख दिव्यांचे एक कलम घालता येईल. नोव्हेंबर ते मे या काळासाठी ते अधिक कडक ठेवता येईल. मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध होईल तेव्हा किनाऱ्यावरील ग्रामसभांनी हे कलम मागून घ्यावे, आणि महामार्गाचे खांब उभे राहण्याच्या आत मागावे.