निदान शेवटी तरी किल्ली द्या

मा. सचिव,
केंद्रीय ग्राहक व्यवहार विभाग,
कृषी भवन, नवी दिल्ली



माझा फोन सहा वर्षांचा आहे. काच शाबूत, कॅमेरा ठीक; बॅटरी गेल्या दिवाळीत पुण्याच्या बुधवार पेठेत बदलून घेतली. कंपनीचे अपडेट मात्र केव्हाच थांबले आणि आता एकेक अ‍ॅप ‘आवृत्ती जुनी’ म्हणत पाठ फिरवतंय. तिथल्या दुकानदाराला विचारलं, लिनिएज ओएससारखी कस्टम रॉम, म्हणजे कंपनीबाहेरची प्रणाली, टाकता येईल का? तो म्हणाला, “माल चांगलाय हो, पण बूटलोडर लॉक आहे. कंपनी खोलू देत नाही.”

बूटलोडर म्हणजे फोन चालू होताना आधी जागा होणारा छोटा प्रोग्रॅम. कंपनीची डिजिटल सही नसलेली प्रणाली तो दारातूनच परत पाठवतो. हे कुलूप उघडायची किल्ली ग्राहकाला द्यायची की नाही, हे कंपनीच्या मर्जीवर. एचटीसीने २०११ मध्ये ग्राहकांच्या ओरड्यापुढे नमतं घेऊन किल्ली देऊ केली. हुआवेने २०१८ मध्ये कुलूप उघडायचे कोड देणं बंद केलं. सॅमसंगने २०२५ मध्ये आपली वन यूआय ८ ही प्रणाली आणताना कुलूप उघडायचा पर्यायच काढून टाकला.

कारण सांगितलं जातं सुरक्षिततेचं. ते अगदीच खोटं नाही. चोराच्या हाती पडलेल्या फोनला कुलूप हवंच. पण रीतसर बूटलोडर खोलला की फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, ही सोय अँड्रॉइडमध्ये आहे. गुगलच्या पिक्सेलवर तर स्वतःची प्रणाली टाकून पुन्हा कुलूपही लावता येतं. उलट अपडेट थांबलेल्या फोनची गत अशी, की दाराला भक्कम कुलूप आणि मागच्या भिंतीला भगदाड. ते बुजवायला कंपनी येत नाही आणि दुसऱ्या गवंड्याला आत सोडत नाही.

आपल्या विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. वस्तू किती सहज दुरुस्त होते याचे गुण देणाऱ्या रिपेअरेबिलिटी इंडेक्सचा अहवालही मे २०२५ मध्ये आला. त्यात स्क्रू, अवजारं, सुटे भाग, सॉफ्टवेअर अपडेट हे सगळं मोजायचं सुचवलं आहे. चांगलंच आहे. पण अपडेट संपल्यावर काय?

मागणी एवढीच. शेवटचा अपडेट कधी येणार आणि कुलूप उघडतं का, हे खोक्यावर छापायला लावा. त्याचे गुण इंडेक्समध्ये धरा. आणि ज्या दिवशी कंपनी अपडेट थांबवेल, त्या दिवशी मागेल त्याला विनामूल्य किल्ली द्यायला तिला भाग पाडा. खोललेल्या फोनवर काही बँकांची अ‍ॅप चालणार नाहीत, ते आम्ही सोसू. तो निर्णय आमचा असू द्या.

त्या दुकानात काउंटरखाली एक खोकं आहे. त्यातले बरेच फोन अजून चालू होतात. ते भंगारात किलोवर जातात. माझा मी अजून त्यात टाकलेला नाही.

आपला,
एक ग्राहक, पुणे