विश्लेषण : सरासरी का फसवते? ‘कर्नेल स्मूदिंग’ काय दाखवते?

अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात ‘ओल्ड फेथफुल’ हा उकळत्या पाण्याचा फवारा आहे. त्याच्या २७२ उद्रेकांच्या नोंदी संख्याशास्त्रात प्रसिद्ध आहेत. उद्रेकाचा सरासरी कालावधी सुमारे साडेतीन मिनिटे; पण साडेतीन मिनिटांचे उद्रेक त्यात मोजकेच! बहुतेक उद्रेक एक तर दोन मिनिटांच्या आसपास आटोपतात किंवा साडेचार मिनिटांच्या आसपास चालतात. सरासरीत हरवलेले हे दोन गट कर्नेल स्मूदिंगमध्ये स्पष्ट दिसतात.

पद्धत नेमकी काय?

आकडे अमुकच साच्यात विखुरलेले असतील, असे यात आधी गृहीत धरले जात नाही. संख्यारेषेवर प्रत्येक नोंदीच्या जागी एक छोटा उंचवटा ठेवला जातो. हाच ‘कर्नेल’. सर्व उंचवट्यांची बेरीज करून नोंदींच्या संख्येने भागले, की सलग वक्ररेषा मिळते. नोंदी दाट तिथे डोंगर, विरळ तिथे दरी. मरे रोझेनब्लाट यांनी १९५६ मध्ये आणि इमॅन्युएल पार्झेन यांनी १९६२ मध्ये ही पद्धत मांडली.

मेख कुठे आहे?

उंचवट्याच्या आकाराने फारसे बिघडत नाही, रुंदीने बिघडते. या रुंदीला ‘बँडविड्थ’ म्हणतात. ती फार वाढवली तर ओल्ड फेथफुलचे दोन डोंगर मिळून एकच होतो. फार कमी केली तर योगायोगाने आलेला चढउतारही खरा वाटू लागतो. रुंदी ठरवण्याची सूत्रे आहेत, पण त्यांतील काही एकाच डोंगराच्या आकड्यांसाठी बेतलेली असल्याने दोन डोंगर असले की फसतात.

सामान्यांशी संबंध काय?

करोनाकाळात रोज दिसणारी ‘सात दिवसांची सरासरी’ हा याचाच साधा प्रकार. सुट्टीच्या दिवशी कमी नोंदी झाल्याने पडणारे खड्डे तिने बुजवले. मात्र मागील सात दिवस धरल्यामुळे रुग्णवाढही उशिराच दिसली. गुन्ह्यांच्या ‘हॉटस्पॉट’ नकाशांतही हेच तंत्र वापरतात. रुंदी वाढवली की लाल डाग शेजारच्या शांत वस्तीवरही पसरतो आणि गस्त, संशय दोन्ही तिथे पोहोचतात.

मग करायचे काय?

गुळगुळीत रेषा हे निव्वळ सत्य नसते. त्यामागे कुणीतरी घेतलेला निर्णय असतो. त्यामुळे आलेख किंवा नकाशा प्रसिद्ध करणाऱ्या यंत्रणांनी रुंदी किती धरली आणि का, हे सोबत छापायलाच हवे. रुंदी थोडी बदलून पाहिल्यावरही जो डोंगर टिकतो, त्याच्यावरच धोरण उभारणे शहाणपणाचे.