आमच्या डोंगराचं वेळापत्रक

चिपळूणच्या स्टँडवर उतरलेला पाहुणा सहसा पश्चिमेकडे तोंड करून उभा असतो. गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, दाभोळची फेरीबोट; त्याच्या मनातलं कोकण तिकडे असतं. त्याच स्टँडवरून कऱ्हाडची एसटी सुटते. खेर्डी-पिंपळी मागे टाकून ती शिरगाव-पोफळीकडे निघते आणि कुंभार्ली घाट चढून देशावर जाते. या गाडीत माणसं बसतात ती कामाची. कुणी दवाखान्याला निघालेलं, कुणी लेकीकडे, कुणी कोर्टाच्या तारखेला. मजा करायला म्हणून तिच्यात चढलेला माणूस क्वचित दिसतो. आमचं अलोरे याच अंगाला, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी. आम्हाला सुट्टी म्हटलं की डोंगरच आठवतो. समुद्र आम्ही पाहुणे आले की बघतो.

पाहुण्यांचं एक असतं. फोन येतो, ‘शनिवारी येतोय, काय काय होईल?’ या ‘काय काय’ला माझ्याकडे उत्तर नसतं. होईल सगळंच, पण शनिवारी नाही. आमच्याकडच्या प्रत्येक जागेचा महिना ठरलेला आहे, काहींचा तर दिवसाचा प्रहरसुद्धा. तो चुकला की पाहुणा दिवसभर गाडीतून फिरतो, मोबाइल भरून फोटो काढतो आणि परत गेल्यावर सांगतो, ‘ठीक आहे, विशेष काही नाही.’ बरोबरच आहे त्याचं. भर दुपारी एप्रिलच्या उन्हात घाट चढला तर विशेष काय दिसणार?

आता मे महिन्याचंच घ्या. कोकणातल्या नद्या या दिवसांत म्हणजे गोट्यांचे ढीग. मधे कुठेतरी कोंडीत हिरवट पाणी, त्यात म्हशी. पण वाशिष्ठी आमच्याकडे ऐन मेमध्ये वाहती असते, आणि पाणी असं गार की उतरताना पोटऱ्यांपाशीच श्वास अडकतो. याचं कारण हे पाणी मुळात वाशिष्ठीचं नाही. ते कोयनेचं. कोयना पूर्वेकडे वाहणारी नदी. कऱ्हाडला कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जाणारी. तिला हेळवाकपाशी अडवलं, मागे शिवसागर तुंबला आणि त्यातलं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला वळवलं. साडेचारशे मीटरहून जास्त उंचीवरून ते पोफळीच्या भूमिगत वीजघरात कोसळतं. तिथून सुटलेलं पाणी कोळकेवाडीच्या धरणात अडतं आणि तिथून आणखी शंभरेक मीटर खाली अलोऱ्याच्या वीजघरात येतं. दोनदा राबून झाल्यावर ते वाशिष्ठीत सोडतात. इथला माणूस त्याला ‘अवजल’ म्हणतो. कृष्णेच्या पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे विजेसाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घालून दिली आहे. चारही टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं वीजघर मिळून प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट. हे आकडे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतात, कारण कुणाचा तरी बाप, काका नाहीतर आजोबा त्यात खपलेला असतो.

कोयनेची वीज मुख्यतः मागणी चढते त्या वेळेसाठी. म्हणजे मुंबई-पुण्याकडे दिवे, पंखे, एसी एकदम चालू झाले की इकडे संच फिरायला लागतात आणि आमच्या नदीला पाणी चढतं. नदीकाठच्या दगडाकडे जरा नीट बघा. वर पांढरट, वाळलेला भाग. खाली शेवाळाचा काळपट पट्टा. आणि मधे एक ओली रेघ. रेघ ओली असेल तर पाणी नुकतंच उतरलंय. रेघ कोरडी होऊन दगड तापलेला असेल तर पाणी अजून यायचंय. आमच्याकडची आजी धुणं घेऊन नदीवर जाते तेव्हा आधी ही रेघ बघते आणि मगच बादली टेकवते. पाहुणा बघतो निळंशार पाणी, आणि उडी टाकतो. अवजलाचा कालवा तर पोहण्याची जागाच नव्हे. सरळ, खोल, काठ निसरडे, धरायला काही नाही. बुडून माणसं गेलेली आहेत. डुंबायचं तर खाली नदी रुंद आणि उथळ होते तिथे, गावातल्या कुणाला तरी विचारून, आणि सकाळच्या वेळी.

मला ही जागा आवडते त्याला कॉलनीचंही कारण आहे. अलोऱ्याची कॉलनी प्रकल्पासाठी वसली. साताऱ्याचे, सांगलीचे, सोलापूरचे, पार विदर्भातले लोक एका रांगेत राहायला आले. परीक्षा संपली की दोन दिवसांत कॉलनी ओस पडायची. वळकट्या, ट्रंका, लोणच्याच्या बरण्या एसटीच्या टपावर चढायच्या आणि मित्रमंडळी घाट चढून आपापल्या गावी जायची. आम्ही इथलेच, आम्हाला जायला गाव नव्हतं. मग उरलेली पोरं दिवसभर नदीत. दुपारी करवंदं, जांभळं, मीठ लावून कैरी. घाटावरून परतलेले मित्र यात्रा, बैलांच्या शर्यती सांगायचे आणि आम्ही ऐकत बसायचो. पण नदीचं नाव काढलं की त्यांची तोंडं उतरायची. आता प्रकल्पाची बांधकामं संपली, माणसं पांगली, क्वार्टर्स बऱ्याच रिकाम्या पडल्या. काही घरांच्या छपरांतून पिंपळ वर आले आहेत.

जून लागण्याआधीचा आठवडा काजव्यांचा. त्यासाठी कुठल्या ‘महोत्सवा’ला जायची गरज नाही. वळवाची एक सर पडून गेली की डोंगराकडेच्या कुठल्याही वाडीत रात्री दिवे मालवून खळ्यात बसा. टॉर्च आणि गाणी मात्र गाडीतच राहू देत. पाऊस लागला की चढणीचे मासे, म्हणजे प्रवाहाविरुद्ध ओढ्यात वर चढणारे. त्या रात्री गावातला अर्धा पुरुषवर्ग ओढ्यावर असतो आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात पेंगतो.

जुलै-ऑगस्टमधला कुंभार्ली घाट हा माझा आणि पाहुण्यांचा कायमचा वादाचा विषय. सगळ्यांना पाऊस बघायला घाटातच यायचं असतं आणि तेही रविवारी. गुहागर-विजापूर महामार्ग हा. ट्रक, टँकर, एसटी आधीच दाटलेल्या. त्यात वळणावर गाडी लावून स्पीकर लावणारी टोळकी. सोनपात्राच्या वळणावर धुक्यात समोरून येणाऱ्या ट्रकचा आधी हॉर्न येतो, मग दिवे, मग ट्रक. दरड कोसळली की तासन्‌तास अडकून पडायचं. चिपळूण-कऱ्हाड रेल्वेचं आम्ही वर्षानुवर्षं ऐकतोय. ती कागदावरून रुळावर येईपर्यंत देशाकडे जायला आम्हाला हाच घाट. तेव्हा पाऊस बघायचाच असेल तर मंगळवारी या, आपली गाडी खाली ठेवा, एसटीने घाटमाथ्याला उतरा. टपरीवर गरम कांदाभजी घ्या. वाफाळत्या चहाच्या ग्लासात धुकं शिरताना दिसतं. दोन चहा झाले की खाली येणारी गाडी धरा. एवढीच सहल. मुलांना ती आवडते, कारण त्यांना ‘पॉइंट’ बघायचे नसतात, भिजायचं असतं.

पेपरात पावसाळाभर कोयना, नवजा, महाबळेश्वर अशी तीन नावं ओळीने येतात. त्यातलं नवजा म्हणजे कोयनानगरच्या पुढे, धरणाच्या कडेकडेने गेलं की लागणारं गाव. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस तिथे नवलाचा नाही. कित्येकदा महाबळेश्वरलाही ते मागे टाकतं. तिथला ओझर्डे धबधबा सगळ्यांना माहीत झालाय, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी तिथे धबधब्यापेक्षा माणसंच जास्त दिसतात. सप्टेंबर उजाडू द्या. गर्दी ओसरते, पाऊस उघडीप देतो, पाण्याला जोर असतोच. ओझर्डे मी तरी सप्टेंबरातच बघतो.

पावसाची मजा सांगताना एक गोष्ट मनात असते. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. जो पाऊस घाटावर बघायला ‘मस्त’ असतो तोच खाली उतरून लोकांच्या माळ्यापर्यंत चढतो. त्यामुळे हवामान खात्याने लाल इशारा दिला असेल त्या दिवशी ‘आम्ही निघालोय’ असा फोन आला की मी पाहुण्याला सरळ नको म्हणतो. नाराजी पत्करली.

कुणी मला विचारलं की एकच महिना सांग, तर मी ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा सांगेन. दसरा झालेला किंवा तोंडावर आलेला असतो, भातं पिवळी पडलेली असतात, गवत अजून वाळलेलं नसतं. या दिवसांत सकाळी सातच्या आत घाटाच्या वरच्या वळणांवर पोचायचं. खाली खोऱ्यात धुकं साचलेलं, त्यातून वर आलेली डोंगरांची माथी, आणि ऊन चढू लागलं की धुकं विरतं तसं आधी कोळकेवाडीचं पाणी दिसतं, मग भिंत, मग पायथ्याच्या वाड्यांची कौलं. धरणाच्या भिंतीवर कुणाला सोडत नाहीत, आणि तिथे जाऊन काही दिसतही नाही. धरण बघायचं ते या वळणांवरूनच. साडेनऊनंतर सगळं पांढरं होतं आणि मग फोटोतही काही येत नाही.

तसंच पुढे हेळवाकची रामघळ. समर्थ रामदासांचं तिथे वास्तव्य होतं असं परंपरा सांगते. घळ म्हणजे कातळाचा भलाथोरला आडोसा. वाटेवर जंगल गर्द आहे, जळवा दिवाळीपर्यंत असतात. माणसं कमी आणि थंडावा भरपूर, एवढं मला पुरतं. कोयनानगरचं नेहरू उद्यान मुलं बरोबर असतील तर करा. मोठ्यांना त्यात फार काही नाही, पण प्रकल्पाची माहिती तिथे मिळते आणि ती ऐकल्यावर पायाखाली काय चाललंय ते समजतं. १३ मार्च १९९९ ला शिवसागराच्या तळाला खालून भोक पाडून पाणी बोगद्यात घेतलं, धरण रिकामं न करता. ‘लेक टॅपिंग’ हा शब्द तेव्हापासून इथल्या रिक्षावाल्याच्याही तोंडी आहे. दुसऱ्यांदा ते २५ एप्रिल २०१२ ला झालं.

रात्री वस्तीला राहणाऱ्यांना एक सांगून ठेवतो. पहाटे कधी फडताळातली भांडी किणकिणली तर घाबरू नका. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे इथे मोठा भूकंप झाला, कोयनानगर उद्ध्वस्त झालं, दीडशेहून जास्त माणसं गेली. तेव्हापासून लहान धक्के अधूनमधून बसतात. इथला माणूस टांगलेल्या बल्बकडे एक नजर टाकतो, ‘हलली गं’ म्हणतो आणि कूस बदलतो. पाहुणा उरलेली रात्र अंगणात काढतो.

थंडीत गड. कोळकेवाडीचा दुर्ग आमच्या डोक्यावरच आहे, त्याचं कौतुक मी सांगत नाही, कारण वाट मोडलेली आहे आणि वाटाड्याशिवाय जाऊ नये. दुर्गवाडीच्या अंगाने भैरवगड करता येतो. वर रानात भैरवनाथाचं देऊळ आहे. पण माझी खरी ओढ नवजाच्या वरच्या जंगली जयगडाकडे. गडावर बांधकाम म्हणाल तर थोडकंच. मात्र टोकावर उभं राहिलं की एका बाजूला शिवसागर आणि दुसऱ्या बाजूला खाली पोफळी, कोळकेवाडी, आमचं अलोरे. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते एका नजरेत कळतं. वाटेत फेब्रुवारी-मार्चमध्ये अंजनी फुलते. खोडाफांद्यांना चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके. शेकरू दिसलं नाही तरी त्याचा आवाज येतो. धनेशाच्या पंखांचा आवाज एकदा ऐकला की नंतर मान आपोआप वर जाते.

महाशिवरात्रीला खेड तालुक्यातल्या चोरवण्याहून नागेश्वराला चढणारी माणसं बघावीत. चपला हातात घेतलेल्या म्हाताऱ्या, डोक्यावर पोरं बसवलेले बाप. गुहेत पिंडीवर पाण्याचा थेंब थेंब अभिषेक चालू असतो. तिथून पुढे वासोटा. पेशवाईच्या अखेरच्या काळात बापू गोखल्यांच्या फौजेला दाद न देणाऱ्या ताई तेलिणीचा हाच किल्ला. पुण्याची मंडळी तो बामणोलीहून लाँचने जाऊन करतात आणि संध्याकाळी परततात. आम्हाला विचाराल तर कोकणातून चढून गेल्याशिवाय वासोटा केला असं म्हणू नये. एवढा अहंकार आम्हाला चालतो.

हा सगळा वरचा मुलूख कोयना अभयारण्याचा आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत पश्चिम घाटाच्या ज्या जागा आल्या त्यांत कोयनाही आहे. म्हणून जंगली जयगड किंवा वासोट्याला वनखात्याची परवानगी लागते, वाटाड्या घ्यावा लागतो, सूर्यास्ताआधी बाहेर पडावं लागतं. पावसाळ्यात या गडांच्या वाटा बंदच असतात. रविवारी अकरा वाजता कोयनानगरला पोचून ‘इतक्या लांबून आलोय’ म्हणत हुज्जत घालणारे मी पाहिले आहेत. तेव्हा परवानगीची चौकशी घरून निघण्याआधी करा, आणि शक्य झालं तर मधल्या वारी या.