थंडीत साप उपाशी का राहतो?

थंडी पडली की सांगली-साताऱ्याकडच्या वस्त्यांत विटांच्या ढिगाखाली किंवा जळणाच्या लाकडांत एखादा साप गारठून पडलेला सापडतो. पोरे त्याला बरणीत घालतात. पुढे बेडूक टाकला तरी तो तोंड लावत नाही. कोणी म्हणते आजारी आहे, कोणी म्हणते देवाचा उपवास आहे, आणि कोणी दुधाची वाटी पुढे सरकवते. या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, हे आम्ही वाचकांना सांगू इच्छितो.

सापाच्या अंगात आपल्यासारखी स्वतःची ऊब तयार होत नाही. हवा गार झाली की त्याचे शरीर गार पडते व पचन मंदावते. अशा वेळी गिळलेला उंदीर पोटातच कुजतो. म्हणून साप खाणे सोडतो आणि अंगातल्या चरबीवर दिवस काढतो. परदेशांत पाळीव सापांची पैदास करणारे त्यांना हिवाळ्यात मुद्दाम गारव्यात ठेवतात. पण त्याआधी सुमारे दोन आठवडे खाणे बंद करून पोट रिकामे होऊ देतात. पाणी मात्र कायम ठेवतात. दूध हे सापाचे अन्नच नव्हे. कोंडलेला साप दूध पितो तो तहानेने, भक्तीने नव्हे. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी गाजलेल्या आपल्या भागात हे स्पष्ट सांगितलेच पाहिजे.

मात्र उपाशी साप म्हणजे निरुपद्रवी साप नव्हे. त्याचे विष कायम असते. आपल्याकडे दुपारी ऊन तापले की साप बांधावर येतात. घोणशीचा मिलनकाळ हिवाळ्यातच असतो आणि ऊसतोडही तेव्हाच चालते. फडात राबणारे हात आपल्याच माणसांचे आहेत. पाचटात हात घालण्यापूर्वी काठीने चाळवावे, पायांत बूट घालावेत, अंधारात बॅटरी बाळगावी. दंश झाल्यास मांत्रिकाकडे जाऊ नये, जखम कापू नये, दोरीने आवळू नये. 108 ला फोन करून सरकारी दवाखाना गाठावा. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावर एकच लस चालते.

आता राहिला बरणीतला साप. रानातला साप पकडून पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पोरांना दूर ठेवावे, झाकण आपण उघडू नये आणि वन विभागाला 1926 या क्रमांकावर कळवावे.